बाकावरून उठलेल्या बाई

स्वतःचं नाव लिहिताना जो माणूस हॉल तिकिटाकडे बघतो, त्याच्या बाकापासून मी हलत नाही. आईबापानं ठेवलेलं नाव बघून लिहायची वेळ कुणावर येते? अशा एकाला मी पकडलं होतं. हजेरीपत्रकावर सही करण्याआधी त्यानं हळूच तिकिटावर नजर टाकली आणि सही केली ती इतकी सुवाच्य, की मला तिथंच शंका आली. वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो आणि तिकिटावरचं नाव साध्या आवाजात उच्चारलं. बाकीच्या तेवीस जणांनी माना वळवून बघितलं. हा पठ्ठ्या तेवढा शांतपणे पुढं बघत बसला होता. अर्ध्या तासात पोलीस त्याला घेऊन गेले. ज्याच्या नावावर तो बसला होता तो खरा उमेदवार म्हणे समोरच्या गाड्यावर उसाचा रस पीत उभा होता.

त्या दिवशी घरी येऊन मी ही हकिगत तीनदा सांगितली. चौथ्यांदा सुरू केली तेव्हा बायको म्हणाली, "बास की आता. चोर सापडल्याचा आनंद झालाय, का माणूस वाईट निघाल्याचा?" मी विषय बदलला.

मी शिक्षक नाही. एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून जन्म काढला आणि तिथूनच निवृत्त झालो. पोरं मला माने सर म्हणायची, ती सवयीनं. प्रयोगशाळेत मी एकच विद्या शिकलो. ब्युरेट काठोकाठ भरलेली आहे, नळाची तोटी फिरवलेलीसुद्धा नाही, आणि वहीत रीडिंग मात्र दशांश चिन्हापर्यंत तयार आहे, असं रोज बघितलं की माणसाचा माणसावरचा विश्वास आपोआप पातळ होत जातो. घरी डब्यातला लाडू कमी झाला तरी मी आधी सगळ्यांचे हात बघतो. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीत माझ्यासमोर कुणी मुद्दाम फोनवर हळू बोलत नाही, कारण मी थांबून ऐकतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. अशा माणसाला परीक्षेची नोकरी लागली म्हणजे मांजराला दुधाच्या खोलीची राखण मिळाल्यासारखं झालं असं कुणी म्हणेल. पण मी दूध कधी प्यायलो नाही. नुसता पहारा दिला.

हे काम काय असतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं, म्हणून सांगतो. शाळेत शिक्षक व्हायचं तर डी.एड., बी.एड. करून भागत नाही. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हावी लागते. दीडशे प्रश्न, अडीच तास. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, आणि उत्तरपत्रिकेवर प्रत्येक प्रश्नाच्या ओळीत चार गोल. बरोबर वाटेल तो गोल काळ्या बॉलपेननं भरायचा. एकदा काळा झालेला गोल पुन्हा पांढरा होत नाही. एका खोलीला ब्लॉक म्हणतात, ब्लॉकमध्ये चोवीस परीक्षार्थी, आणि त्यांच्यावर एक समवेक्षक. तो मी. निवृत्त झाल्यावर आमच्यासारख्यांना अशा रविवारी मानधनावर बोलावतात. सकाळी पोचायचं, मोबाइल जमा करायचा, सीलबंद पाकीट दोन परीक्षार्थ्यांच्या सह्या घेऊन सगळ्यांसमोर फोडायचं, हॉल तिकिटावरचा फोटो आणि समोरचं तोंड जुळवायचं, आणि मग अडीच तास पाय दुखेपर्यंत फिरायचं. उत्तरपत्रिकेचा वरचा भाग आमचा, म्हणजे बैठक क्रमांक, प्रश्नपुस्तिकेचा क्रमांक, सही. खालचे गोल परीक्षार्थ्याचे. खाली बघायचं नाही, आणि दिसलंच तर बोलायचं नाही, असा नियम.

फोटो जुळवणं हे काम सोपं वाटतं. फोटोत सगळे गोरे असतात आणि बाकावर सगळे घामेजलेले. एकदा एकाच्या तिकिटावर फोटोच्या जागी नुसता गुलाल. आदल्या दिवशी डोंगरावर जाऊन त्यानं ते तिकीट जोतिबाच्या पायावर ठेवलं होतं. मला वाटलं, तोंड लपवायची ही नवी युक्ती. मी त्याला उभं केलं, आधार कार्ड मागवलं, लायसन्स मागवलं, आणि शेवटी तिकीट तोंडाशी धरून जोरात फुंकर मारली. तो गुलाल माझ्या डोळ्यांत, चष्म्यावर आणि हजेरीपत्रकावर. त्याचा अंगठा रंगलेला, त्यामुळं अंगठ्याचं यंत्र तीनदा नाही म्हणालं. तो गडी शांतपणे म्हणाला, "पावणं, देवाचा गुलाल हाय. फुकू नगासा." तिकिटावर शेवटी त्याचंच तोंड निघालं. आमचं गुलाबी हजेरीपत्रक तसंच वर गेलं आणि कुणी काही विचारलं नाही.

सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. एका बाईच्या उजव्या हाताला पट्टी होती. पट्टीत चिठ्ठी असणार, असं माझ्या मनानं घेतलं. मी दुसऱ्या ब्लॉकवरच्या मॅडमना बोलावून पट्टी सोडायला लावली. आत कडबाकुट्टीच्या यंत्रात सापडलेली बोटं होती, टाके ओले होते. मी म्हणालो, नियम आहे. हे वाक्य मी किती ठिकाणी पांघरूण म्हणून वापरलं याचा विचार आताशा करतो.

मग कोर्टाचा निकाल आला आणि आमच्या ब्लॉकमधली माणसं बदलली. वीस-वीस वर्षं शिकवणाऱ्या, नोकरीत असलेल्या गुरुजींना आणि बाईंनाही ठरावीक मुदतीत टीईटी पास होणं सक्तीचं झालं. नाही झाले तर नोकरीवर गदा. इतकी वर्षं बाकांवर तरणी पोरं असायची, आता त्यांच्या शेजारी पिकल्या केसांचे लोक येऊन बसले. गुडघे दुखतात म्हणून बाकात तिरके बसायचे. ही जमात मला नवीन होती आणि अवघडही, कारण ह्यांना कॉपीच्या सगळ्या युक्त्या पाठ. आयुष्यभर त्यांनी त्याच पकडल्या होत्या.

पण खरी गंमत त्यांच्या सवयींची. बाकावर बसलं तरी त्यांच्यातला मास्तर उभाच असतो. एका मुख्याध्यापकांनी माझ्या हातातला प्रश्नपुस्तिकांचा गठ्ठा बघितला आणि अर्धा आपणच काढून घेतला वाटायला. मी तो हिसकावून घेतला. एक गुरुजी शेवटची घंटा होताच स्वतः उभे राहून सगळ्यांना म्हणाले, "चला, पेनं खाली. हाताची घडी." आणि अख्ख्या ब्लॉकनं पेनं खाली ठेवली. माझं ऐकून इतक्या झटपट कधी ठेवली नव्हती. मी त्या गुरुजींच्या नावापुढं बारीक फुली मारून ठेवली. कशासाठी ते मलाही सांगता येणार नाही.

त्याच सुमाराच्या एका परीक्षेत माझ्या ब्लॉकमध्ये चौगुले बाई आल्या. राधानगरीच्या वरच्या अंगाला एका वाडीतल्या प्राथमिक शाळेत त्या शिकवतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त दिसलं ते असं. वय पन्नाशीच्या आत-बाहेर, पहाटेच्या एसटीनं आलेल्या असाव्यात, पदराला चिखलाचे शिंतोडे. वाचताना ओठ हलत होते. ओठ हलले की मला संशय. कुणाला तरी सांगतायत का? जवळ जाऊन ऐकलं तर प्रश्न वाचत होत्या, वर्गात धडा वाचावा तसा, फक्त आवाज बंद करून. दर चार-पाच प्रश्नांनी चष्मा काढून मान वर करायच्या आणि शेजारच्या बाकांकडे बघायच्या. हे तर मला मुळीच चालणारं नव्हतं. मी दोनदा त्यांच्या बाकावर टकटक केली. दोन्ही वेळा त्यांनी "सॉरी सर" म्हणून चष्मा लावला आणि तिसऱ्यांदा पुन्हा काढला. माझ्या मनानं त्यांची नोंद केली.

त्यांच्या डाव्या हाताला, एक पाऊल पुढं, पंचविशीतली एक मुलगी होती. खोली लहान होती, बाक हातभर अंतरावर होते. मुलगी डाव्या हाताचं बोट प्रश्नावर ठेवून वाचायची आणि उजव्या हातानं गोल भरायची. पाऊण तास झाला असेल. फिरता फिरता मी तिच्यापाशी आलो आणि थबकलो. बोट अडतिसाव्या प्रश्नावर होतं आणि पेन भरत होतं सदतिसाव्या ओळीतला गोल. मी पुन्हा बघितलं. प्रश्न एक, ओळ दुसरी.

आता कुठल्याही साध्या माणसाला काय वाटलं असतं? पोरगीनं एखादा प्रश्न अवघड म्हणून सोडला, त्याची ओळ मोकळी ठेवायची विसरली, आणि आता सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकत चाललीत. असं पुढं चालू राहिलं तर दीडशेपैकी शंभरावर उत्तरं चुकीच्या घरात पडणार. वर्षाची मेहनत पाण्यात. पण मी साधा माणूस नव्हतो, मी समवेक्षक होतो. मला वाटलं, हिचा प्रश्नांशी संबंधच नाही. हिनं उत्तरांची यादी बाहेरून पाठ करून आणलीय आणि बोट नुसतं दाखवायला ठेवलंय. पेपर फुटलाय आणि तो माझ्या ब्लॉकमध्ये सापडणार, ह्या विचारानं मला हुशारी आली. तिला सावध करायचं नाही म्हणून मी काही न बोलता पुढं गेलो आणि फळ्यापाशी उभा राहून डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघायला लागलो.

दोन मिनिटं गेली नसतील. चौगुले बाई उठल्या. सरळ उभ्या राहिल्या, एक पाऊल पुढं गेल्या, वाकल्या, आणि त्या मुलीच्या उत्तरपत्रिकेवर बोट ठेवून म्हणाल्या, "बाळ, एक ओळ वर चाललीयास बघ. सोडल्याला प्रश्न रिकामाच ठेवायचा." आवाज दबका नव्हता. वर्गात शिकवतानाचा आवाज होता. सगळ्यांनी ऐकला.

मी धावलो. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं मला झालं होतं. एक नाही, दोघी सापडल्या. एक यादी घेऊन आलेली आणि दुसरी तिला वाटेवर आणणारी. मी बाईंचा हात धरला नाही एवढंच, बाकी जे बोलायचं ते बोललो. कॅमेऱ्यात हे सगळं केंद्रसंचालकांच्या खोलीत दिसलं होतं, तेही आले. बाईंची पुस्तिका आणि उत्तरपत्रिका काढून घेतली. बाई पहिल्यांदा गोंधळल्या. आपण कुठं उभ्या आहोत ते त्यांना तेव्हा कळलं असावं. त्यांनी स्वतःच्या रिकाम्या बाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

गैरप्रकाराचा अहवाल लिहायचं काम समवेक्षकाचं. जागा सोडली, दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेला हात लावला, बोलल्या. एवढं लिहिलं असतं तरी बाईंचा त्या दिवसाचा पेपर रद्द झालाच असता, नियम तसाच आहे. मी पुढं आणखी एक वाक्य जोडलं, "दोन्ही परीक्षार्थींचे संगनमत असल्याचा संशय आहे." संगनमत सिद्ध झालं तर पुढच्या परीक्षांना बसायची बंदी येते. नोकरीतल्या सगळ्या गुरुजी-बाईंसारखी त्यांच्याही हातात मुदत संपायच्या आत एकच परीक्षा उरली होती. बंदी म्हणजे नोकरी संपली. हे मला लिहिताना माहीत होतं. तरी लिहिलं आणि अक्षर चांगलं काढून लिहिलं.

बाईंचा जबाब घेतला. त्यांनी चार ओळी लिहिल्या. उठले हे खरे आहे, मुलीची ओळ चुकत होती, तेवढे सांगितले, उत्तर सांगितले नाही. एकही खाडाखोड नाही. मला वाटलं, जबाबसुद्धा पाठ करून आणलाय. मुलीला विचारलं तर ती रडायच्या बेतात म्हणाली की मी ह्यांना ओळखत नाही, मला काही माहीत नाही. तिला पुढं लिहू दिलं. बाईंना बाहेर नेलं. दारातून जाताना त्या थांबल्या आणि फळ्याशेजारी पडलेला खडूचा तुकडा उचलून खाचेत ठेवून गेल्या. मला त्याचाही राग आला.

शेवटची दहा मिनिटं उरल्याची सूचना दिली तेव्हा त्या मुलीनं हात वर केला. मी गेलो. ती म्हणाली, "सर, हे तीन गोल चुकल्यात. छत्तीस सोडला आनि सदतीसचं छत्तीसातच भरलं मी. खोडायला काय चालतंय काय?" मी पहिल्यांदा ती उत्तरपत्रिका नीट बघितली. छत्तीस, सदतीस, अडतीस ह्या ओळींत उत्तरं एकेक घर वर सरकलेली होती. एकोणचाळीसपासून खाली दीडशेपर्यंत सगळे गोल आपापल्या जागी होते. बाईंनी बोट ठेवलं त्या जागेपासून. काही चालत नाही, असं मी तिला सांगितलं आणि तिथून हललो.

त्या दहा मिनिटांत मी केंद्रसंचालकांकडे जाऊ शकलो असतो. अहवालाचा लिफाफा अजून त्यांच्या टेबलावरच होता. पण घंटा झाली, चोवीसऐवजी तेवीस उत्तरपत्रिका गोळा करून जुळवायच्या होत्या, पाकिटाला सील लावायचं होतं, दुपारी दुसरा पेपर होता. कामं खरीच होती. पण गेलो नाही ते कामामुळं नव्हे. आपली सही असलेला कागद आपणच खोटा ठरवायचा, हे माझ्याच्यानं झालं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोर नव्हताच, आणि संन्याशाला मी दोरासुद्धा माझ्याच हातानं वळून दिला होता. त्या रात्री घरी मी काही सांगितलं नाही. बायकोनं एकदा विचारलं, आज कुणी सापडलं न्हाय व्हय? मी म्हणालो, नाही.

काही आठवड्यांनी चौकशीचं पत्र आलं. दिलेल्या दिवशी कार्यालयात गेलो तर व्हरांड्यातल्या बाकावर चौगुले बाई एकट्याच बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या आणि सरकून जागा केली. "बसा सर," म्हणाल्या. मी बसलो. दुसरीकडे जागा नव्हती. मग मीच विचारलं, तुमच्यासारख्या बाईंना नियम माहीत नव्हता काय?

त्या म्हणाल्या, "नियम म्हाईत हाय की. आमच्या शाळंत दोन खोल्या आनि चार वर्ग. पयलीला लिवायला लावायचं आनि तिसरीच्या पाट्या बघायच्या, बावीस वर्सं ह्येच चाललंय. माजी नजर दुसऱ्याच्या पाटीवरच असती सर. जवळचं दिसत न्हाय, लांबचं दिसतंय." पुढं त्या म्हणाल्या, "तुमी त्या पोरीपाशी थांबलासा ते मी बघितलंतं. मास्तर जिथं थांबतोय तिथं पोरगं चुकल्यालं असतंय. म्हनून मी बी बघितलं. म्हटलं, आता सर सांगतील. वाट बघितली. तुमी पुढं गेलासा. मग मला ऱ्हावंना."

मला वाटलं, ही आत जाऊन हेच सांगणार, आणि सांगायलाच पाहिजे. तिला वाचवणारं दुसरं काही नव्हतंच. त्यांना आधी बोलावलं. दार अर्धं उघडं होतं. समितीत तिघं होते. एकानं विचारलं, मुलगी चुकत होती असं तुम्ही म्हणता, तर मग समवेक्षक काय करत होते? त्यांनी ती चूक बघितली नव्हती का?

बाईंचा आवाज बाहेर स्वच्छ ऐकू आला. "ते मला म्हाईत न्हाय, साहेब. ते त्यांचं काम करत हुते."

मी बाकावरून उठलो. माझं नाव पुकारलं नव्हतं तरी आत गेलो. एक साहेब म्हणाले, थांबा, तुमची पाळी यायचीय. मी म्हणालो, आत्ताच बोलतो, नाहीतर पुन्हा बोलणं होणार नाही. मग सगळं सांगितलं. पोरगीचं बोट आणि पेन जुळत नव्हतं हे मी बाईंच्या आधी बघितलं होतं. शेवटी तिच्या उत्तरपत्रिकेतले तीन चुकलेले गोल आणि पुढचे बरोबर भरलेले गोलही बघितले होते. बाई सांगतात ते खरं आहे आणि त्यांनी उत्तर सांगितलं नाही. संगनमत हा शब्द माझा आहे, त्याला काही पुरावा नाही, तो मी मागं घेतो.

साहेबांनी विचारलं, मग त्या मुलीला तुम्ही का सावध केलं नाही? नियम आडवा आला?

मी नियमाचं नाव घेऊ शकलो असतो. जिभेवर आलंही होतं. पण म्हणालो, "नाही साहेब. मला तिचाच संशय आला होता." तिघांपैकी एक जण हसले. बाकीचे लिहीत राहिले. तेवढं हसू मला आयुष्यभर पुरेल.

निकाल पत्रानं कळला. बाईंचा तो पेपर रद्दच राहिला. संगनमत काढून टाकलं, बंदी आली नाही, ताकीद देऊन पुढच्या परीक्षेला बसायची परवानगी मिळाली. माझ्याबद्दल पत्रात काही नव्हतं. फक्त पुढच्या परीक्षेचं माझं नेमणुकीचं पत्र आलं नाही. मी दोनदा पोस्टमनला विचारलं, त्यानं ते मुद्दाम ठेवून घेतलं असेल अशी मला शंका होती. मग पुन्हा विचारलं नाही.

परीक्षेच्या रविवारी सवयीनं लवकर जाग आली. बायको म्हणाली, आज कुठं निघालासा, तुमाला कुनी बोलिवलंय? मी म्हणालो, पाय मोकळे करून येतो. जुन्या केंद्राच्या फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. नेहमी आतून बघायचो, त्या दिवशी बाहेरून बघितलं. रस्त्याच्या कडेला चपला, कडेवर पोरं घेतलेल्या सासवा, आयत्या वेळी पुस्तक चाळणारे नवरे. बॅगा आत नेता येत नाहीत. कुंपणाच्या भिंतीला लागून बॅगांचा ढीग पडला होता आणि त्यावर कुणाचं लक्ष नव्हतं. मी सवयीनं कोणती बॅग कुणी ठेवली ते ध्यानात ठेवायला लागलो.

चौगुले बाई आल्या त्या एकट्या, एसटीला उशीर झाल्यामुळं घाईत. भाताची कामं चालू होती, घरचं कुणी आलं नव्हतं. शिपाई फाटक लावायच्या बेतात होता. त्यांच्या खांद्याला बॅग होती, आत मोबाइल, परतीचे पैसे, डबा. त्यांनी ढिगाकडे बघितलं, मग मी दिसलो. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"सर, धरताय काय जरा?" म्हणाल्या आणि बॅग माझ्या हातात देऊन आत गेल्या. मी काही बोलायच्या आत फाटक लागलं.

अडीच तास मी ती बॅग धरून उभा होतो. समोर रसाचा गाडा होता, तिथल्या बाकड्यावर बसता आलं असतं, पण बसलो नाही. मध्येच आत मोबाइल वाजला आणि वाजून बंद झाला. चेन थोडी उघडी होती. मी ती बंद केली, आत बघितलं नाही. मला स्वतःचं फार नवल वाटलं.

घंटा झाली आणि लोक बाहेर आले. बाई शेवटच्या घोळक्यात होत्या. पेपर कसा गेला ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, की आज बाकावरनं उठलो न्हाय. मी बॅग पुढं केली. त्यांनी ती घेतली आणि तशीच खांद्याला अडकवली. इतकी वर्षं दुसऱ्याच्या वस्तू तपासत आलेल्या माणसाला ते बघवेना. मी म्हणालो, "बाई, एकदा उघडून बघा, सगळं हाय का. मोबाइल, पैसे."

बाई एसटी स्टँडच्या दिशेनं निघाल्या होत्या. चालता चालता वळून म्हणाल्या, "कशाला बघायचं? तुमच्याकडंच हुती न्हवं?"

निकाल अजून लागायचा आहे.